आधी आई बसंल

आमच्या राजुरीच्या रस्त्याला एक मिस्त्री व्हता. माणसाशी कमी आन् गाडीशी जास्त बोलायचा. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पावण्यांफुडं रुबाब दाखवायला मी जीप वढ्यातल्या धोंड्यावर घातली. मागच्या ॲक्सलचं हौसिंग, म्हंजी वरचं लोखंडी कवच, चेपलं. आतली चक्रं कराकरा घासाया लागली. आन् उद्या त्याच जीपमधनं बहिणीला सासरी, बोरीला, पोचवायचं व्हतं.

मिस्त्री खाली शिरला. "काय गं, कुणी मारलं तुला?" असं जीपला इचारलं. मग मला बघितलं. "बरं बरं, कळलं."

आतलं समदं काढून, कवच तापवून त्यानं पोचा काढला आन् समदं परत बसवलं. मी चावीला हात घातला.

"थांबा राव. आधी माझी आई बसंल."

ॲक्सल उघडला की त्याची ही रीतच व्हती. लोकांची माणसं बसायच्या आधी आपलं माणूस बसवायचं. म्हातारीला ओझरच्या गणपतीला फिरवून आणली.

ती उतरून म्हणली, "गाडी झ्याक हाय. चालवणार ह्योच का?"

मी मान हलवली. ती नुसती लेकाकडं बघत ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी स्टेरिंगवर मिस्त्री आन् मी मागं रुखवताच्या भांड्यांत. बोरीत उतरताना बहीण म्हणली, "दादा, तुझ्या गाडीत आज पयल्यांदा डोळा लागला."