व्हॉल्व्ह बदलल्यानंतरचे ठोके

हार्टच्या आयसीयूत सोळा वर्षं काढली की पेशंटची नावं विसरायला होतं. त्यांचं एखादं वाक्य मात्र डोक्यात राहतं, आणि भाजी निवडताना वगैरे अचानक वर येतं. आमचं ठाण्याचं हॉस्पिटल, त्यात व्हॉल्व्ह बदललेले पेशंट. ऑपरेशन छान होतं, आणि दोन-तीन दिवसांनी काहींचे ठोके बिघडतात.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलेले एक काका होते. व्हॉल्व्ह धातूचा, त्यामुळे छातीतली टिकटिक त्यांना स्वतःला ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "सिस्टर, मशीन एकसारखं चालत नाहीये. गिअरचा दात तुटल्यासारखं वाटतंय."

मी मॉनिटर पाहिला. ठोके खरंच वेडेवाकडे पडत होते. औषधांनी ते ताळ्यावर आले, पण तोवर हृदयात गुठळी होऊन मेंदूत गेलेली. उजवा हात गेला.

महिन्याने तपासणीला आले तेव्हा डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर होती. "नाडी बघतो," म्हणाले. "उजव्याला आता तेवढंच काम उरलंय."

डोंबिवलीच्या एक बाई डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांत धापा टाकत परत आल्या. नाडी एकशे साठ.

"ठोक्यांच्या गोळ्या घेतल्या नाहीत?"

"कागदावर 'जेवणानंतर' लिहिलंय ना? श्रावण चाललाय. मी जेवतेय कुठे?"

तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर मी स्वतः लिहिते, 'उपास असला तरी'.

मानपाड्याच्या एक आजी होत्या, तिथल्याच जुन्या आगरी घरातल्या. औषधांनी त्यांचे ठोके जागेवर येईनात. डॉक्टर म्हणाले, शॉक द्यावा लागेल. आजी नाहीच म्हणाल्या. मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा शेतातल्या पंपाचा शॉक लागून गेले. आईच्या डोळ्यांसमोर."

दोन दिवस समजावलं. शेवटी तयार झाल्या, पण माझा हात घट्ट धरून. भूल देणारे डॉक्टर सुई घेऊन उभे. मी म्हटलं, "आजी, शॉकच्या वेळी हात सोडावा लागेल."

"का? तुला पन लागंल?"

"हो."

"मंग सोर," म्हणाल्या, आणि स्वतःच हात काढून घेतला.

कल्याणची तिशीतली एक शिक्षिका होती. ऑपरेशननंतर तिचं हृदय आपणहून चालेना, म्हणून बाहेरून वायर लावून पेसमेकरच्या छोट्या डब्यावर चालवत होतो. पाचव्या दिवशी दुपारी हृदयाने त्यालाही दाद देणं बंद केलं. पाऊण तास प्रयत्न केले. ती गेली.

वडील आत आले. डबा अजून चालू होता, त्याच्या रेघा मॉनिटरवर एकामागून एक उमटत होत्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, हे फक्त मशीनचे ठोके आहेत. बंद करतो."

"कळलं मला," ते म्हणाले. "पण तिची आई लिफ्टमध्ये आहे. तेवढी वर येऊ दे."

आई आल्या. आधी मॉनिटरकडे बघितलं, मग लेकीकडे. स्टूल ओढून बसल्या, तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि मला म्हणाल्या, "शांत झोपलीये आज. उठवू नका. मी बसते."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी हिच्यासाठी पाणी घेऊन येतो," आणि बाहेर गेले.