कोंबड्यांची डॉक्टोरा

डॉक्टोरा क्रिसांता पहिल्यांदा माझ्या बेकरीत आली ती यीस्ट मागायला. पाव नको, नुसतं यीस्ट! म्हटलं, "घरी भट्टी लावलीय का?"

"नाही हो आलिंग बेबांग, माश्यांना खायला. केळी कुस्करून त्यात घालते."

मी कपाळावर हात मारला. आमच्या लॉस बान्योस गावात जो तो भातावर संशोधन करतो, आणि ही बाई काचेच्या नळ्यांत फळांवरच्या माश्या कोंडून त्यांची झोप मोजत बसलेली! तिच्या बरोबरीचे शास्त्रज्ञ टोमणे मारायचे, "सांता, अंगाईपण म्हणतेस का गं त्यांना?" ती हसायची आणि परत आपल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. तिच्याकडच्या काही माश्या दिवस मावळायच्या आतच झोपायच्या, त्यांची पिल्लंही तशीच. हे वळण रक्तात कुठून येतं, तेवढंच तिला शोधायचं होतं.

एकदा तिनं सहज विचारलं, "तुम्ही झोपता कधी?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हालाही थट्टा सुचतेय का? अंधार पडला की झोपते! गावात कोंबडी म्हणतात मला. माझी मावशी, माझा मुलगा, सगळे कोंबडीच!"

पण तिला थट्टा करायचीच नव्हती. ती स्टुलावर बसली, आणि मी भडाभडा बोलून गेले. आई गेली तेव्हा लामाय होतं. मयतापाशी रात्रभर जागायचं, तर मी तिन्हीसांजेलाच शवपेटीशेजारी पेंगले. थोरला भाऊ, कुया आर्तेम्यो, चारचौघांत म्हणाला, "आईसाठी एक रात्र जागवेना हिला!" पहाटे काय झालं ते कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून अबोला. एका गल्लीत राहून माझा पाव त्याच्या घरात जात नव्हता.

"तुमच्या अंगातलं घड्याळच पुढं आहे," डॉक्टोरा म्हणाली. "सिद्ध करून दाखवते."

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिनं केलं! आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं, केस पांढरे होईपर्यंत खपली, आणि शोधलं: तिच्या माश्यांत जे जनुक बदललेलं, तेच आमच्यातही बदललेलं, पिढ्यानपिढ्या आलेलं. अशी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही. आनंदानं ती थेट कुयाच्या दारात गेली.

तो म्हणाला, "माश्यांचं मला नका सांगू, डॉक्टोरा. आईपाशी बसायला माया लागते."

बिचारी पडल्या तोंडानं परतली. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलं.

गेल्या वर्षी डॉक्टोरा गेली. लामायला अख्खं गाव लोटलं. मी नेहमीसारखी लवकर झोपले, पहाटेच्या आधी उठून पाव भाजले, मावशीला आणि मुलाला घेऊन तिच्या घरी गेले. बघते तर काय, जागं राहायला म्हणून खेळायला घेतलेले पत्ते हातात धरूनच सगळे घोरताहेत! कुयाही भिंतीला टेकून गाढ. आम्ही तिघं तिच्याजवळ बसलो. मेणबत्त्या विझायला आल्या होत्या, मी नव्या लावल्या.

उजाडताना कुयाला जाग आली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मेणबत्त्यांकडं पाहिलं.

"बेबांग," तो म्हणाला, "आईच्या वेळीही सकाळी मेणबत्त्या नव्या होत्या. मला वाटलं, कोणा शेजारणीनं..."

"शेजारीण घोरत होती, कुया. आणि तूही."

त्यानं टोपलीतला पाव उचलला आणि रडत रडत खाल्ला.