थांबाराव आणि ताईचा कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे थांबाराव म्हणायचे, अगदी तोंडावर. नाव मीच ठेवलं होतं, रागाच्या भरात. आमची कंपनी टाइप करून एकमेकांशी बोलायचा प्रोग्राम बनवते. तो लोकांच्या कॉम्प्युटरवर नीट बसावा म्हणून त्याचं पॅकेज बांधायचं, हे थांबारावांचं काम. बांधलेलं तपासायचं, हे माझं. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची भाषा वेगळी. एकासाठी बांधलेलं दुसऱ्यावर उघडतच नाही. म्हणून बांधायच्या आधी त्यांनी एक तपासणी लावली होती, आणि जरा कुठे खुट्ट झालं की पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'थांबा. हे कोणत्या प्रोसेसरसाठी?' घरी निघायच्या वेळेला ती अक्षरं दिसली की माझं टाळकंच सटकायचं.

"अहो, जाऊ द्या की एकदा!" मी ओरडायचे.

"शिंप्यानं स्वतःचं माप घेऊन तुमचा ब्लाउज शिवला तर चालेल का?" ते शांतपणे विचारायचे. "बांधणारं यंत्र नका बघू. ज्याच्यावर चालणार ते बघा."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

माणूस एकटा. लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. एकदा तापानं पडले होते म्हणून मी गोळ्या द्यायला त्यांच्या खोलीवर गेले. एक खाट, एक खुर्ची, आणि कप एकच. तो मला दिला आणि स्वतः वाटीतून चहा प्यायले. "दुसरा फुटला होता, मग आणायचा राहूनच गेला," म्हणाले. मला इतकं कसंतरी झालं की साखर नाही हेसुद्धा बोलले नाही, आणि मी काही गप्प बसणारी नाही.

त्यांचं म्हणून जगात एकच माणूस होतं, त्यांची ताई. आई लहानपणीच गेली, ताईनंच त्यांना वाढवलं. ती दूर, जुन्या घरात एकटी राहायची. उतारवयात तिचे कान पार गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलची अक्षरं तिला दिसायची नाहीत. थांबारावांनी तिला एक कॉम्प्युटर जुळवून दिला होता, पडद्यावर बोटाएवढी अक्षरं येतील असा. रोज संध्याकाळी दोघं आमच्याच प्रोग्रामवर बोलायची. ताई एका बोटानं टाइप करायची. 'आज भाजीत मीठ जास्त पडलं' एवढं यायला इकडे यांचा चहा गार व्हायचा. पण कामाशिवाय त्यांच्याशी बोलणारं दिवसभरात तेवढंच कोणी होतं.

कॉम्प्युटर मात्र फार जुना झाला होता. त्या जातीचे प्रोसेसर आता कोण वापरतो? साहेब मागे लागले होते, बंद करा ते पॅकेज म्हणून. ताई नवा घ्यायला तयार नाही. ह्याची बटणं बोटांना पाठ आहेत म्हणायची. म्हणून थांबाराव हटून बसले होते. त्याच जातीचं एक यंत्र त्यांनी टेबलाखाली जपून ठेवलं होतं आणि ताईचं पॅकेज त्याच्यावरच बांधायचे.

एके दिवशी ते यंत्र जळालं. साहेबांना आयतं निमित्त मिळालं. "आता तरी सोडा नाद," म्हणाले. पण थांबाराव ऐकतात कसले! जुन्या यंत्राचं सगळं काम उचलून त्यांनी नव्या जातीच्या यंत्रावर मांडलं. तपासणी चालली, लाल अक्षरं आली नाहीत, चालवून बघायला माझ्याकडे तसलं यंत्र उरलं नव्हतं, पॅकेज गेलं. रात्रीतून ते लोकांच्या कॉम्प्युटरवर आपोआप बसणार होतं.

नेमकं त्याच संध्याकाळी बहीण-भावाचं वाजलं. माझ्याकडे राहायला ये, असं त्यांनी पुन्हा काढलं. ताईनं टाइप केलं, 'हा विषय काढलास तर बोलणार नाही.' दुसऱ्या दिवसापासून ताई गप्प.

"रुसलीय," ते मला म्हणाले. "ह्या वेळी मी नाही नमतं घेणार."

दिवस जात राहिले. ते रोज आशेनं पडद्यासमोर बसायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी ऑफिसला यायचे. शेवटी मीच चिडले. "अहो, हट्ट कसला करताय ह्या वयात? शेजाऱ्यांना फोन करा!" केला. ताई ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात, असं कळलं. ते ऐकून तर त्यांचा चेहराच उतरला. ठणठणीत आहे, आणि तरी बोलत नाही!

मग एका छापखानेवाल्याची तक्रार आली: जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडतच नाही. मी ती मोठ्यानं वाचली. थांबारावांनी तपासणी उघडून ओळ न् ओळ वाचली. सगळ्या पॅकेजांची तपासणी चोख होती, फक्त ताईच्या पॅकेजाची जुनीच राहिली होती. ती विचारत होती, 'मी आत्ता कोणत्या यंत्रावर आहे?' टेबलाखालच्या यंत्रावर बांधायचे तेव्हा ते बरोबर होतं. बांधणारं आणि चालवणारं एकाच जातीचं होतं. आता तिनं नव्या यंत्राचं माप घेतलं आणि ताईचं म्हणून पाठवून दिलं.

"मीच," ते म्हणाले. "मीच बंद केलं तिला."

त्यांनी पॅकेज दुरुस्त करून पाठवलं आणि तसेच बस पकडून निघाले.

परत आले ते सरळ जागेवर जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ताईच्या घरी कॉम्प्युटरचं टेबल रिकामं होतं. तिनं तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता. ह्यांनी सगळी चूक मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली. नवा घेऊन देतो, उद्याच बसवतो, असंही लिहिलं. ताईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं तिला.

"नको रे," ती म्हणाली. "रोज तिन्हीसांजेला त्या काळ्या पडद्यासमोर बसायचे मी. वाटलं, तू कंटाळलास माझ्या एका बोटाला. रडून झालं, सवयही झाली. आता पुन्हा कोणाची वाट बघायचं बळ नाही माझ्यात. जमेल तेव्हा ये."

मी किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

चहा संपवून त्यांनी कप बाजूला ठेवला, कोणकोणत्या प्रोसेसरसाठी पॅकेज बांधायचं ती यादी उघडली आणि तो जुना प्रोसेसर तिच्यातून स्वतःच्या हातानं काढून टाकला. मागून साहेब येत होते. त्यांनी पडदा बघितला आणि खूश होऊन थांबारावांच्या पाठीवर थाप मारली.

"शेवटी पटलं ना तुम्हाला?"

"हो," थांबाराव म्हणाले. "आता माझं कोणी नाही त्याच्यावर."