शनिवारचे दोन निखारे

शालन गेली हे मला हिंदीत कळलं. तिच्या खालच्या मजल्यावरच्या भाभींचा सकाळीच फोन आला. “आंटीजी नहीं रहीं... नींद में ही चली गईं.” आणि मी “अच्छा” म्हणाले. नुसतं ‘अच्छा’! दूधवाला आज येणार नाही असं कुणी सांगावं तसं. फोन ठेवला, चहाचं आधण उतरवलं, पायात चपला सरकवल्या आणि मग एकदम लक्षात आलं, की ही बातमी मराठीत सांगायला मला कुणी नाही. जयपुरातल्या विद्याधर नगरच्या या टोकाला मराठी बोलणारं माझ्या हक्काचं एकच माणूस होतं, आणि गेलं होतं तेच. तिच्या गल्लीपर्यंत मी “शालन गेली, शालन गेली” असं मोठ्यानं स्वतःशीच म्हणत चालत गेले. लोक वळून बघत होते. बघू देत.

आमची ओळख गणपतीतली. जयपुरातला मराठी गणपती म्हणजे निम्मे फौजी, निम्मे रेल्वेवाले आणि आरतीचा कागद हातात धरून अडखळणारी त्यांची मुलं. माझे यजमान रेल्वेत होते. बदली होऊन इथं आले, निवृत्तीनंतर इथंच घर घेतलं आणि त्या घराचा रंग वाळायच्या आत गेले म्हणा ना. तर मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. पुढे एक उंच, केस बारीक कापलेली बाई. ती गर्रकन वळली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “मासे खाता?” अहो, समोर गणपती! मी म्हटलं, “मिळाले तर खाते.” “आणि वाइन?” मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, “मी नाशिककडची आहे.” वडिलांची द्राक्षबाग होती हे खरं, पण वाइनचा थेंबही तोवर जिभेला लागलेला नव्हता. बाईंचा चेहरा मात्र खुलला. “मग प्रश्नच मिटला. शनिवारी या जेवायला.”

ती मूळची वेंगुर्ल्याची. कर्नलसाहेबांबरोबर देशभर फिरली आणि त्यांच्या शेवटच्या बदलीचं गाव म्हणून जयपुरात राहिली. साहेब गेल्यावर मुलगी, मुक्ता, कॅनडाला चल म्हणून मागे लागली होती. “तिकडे बर्फाकडे बघत बसू? इथलं ऊन निदान भांडायला तरी येतं,” असं म्हणून हिनं विषय संपवला. हट्टी तर इतकी, की वाळवंटाच्या दारात राहून गोड्या पाण्यातला मासा घरात आणायचा नाही. रोहूचं नाव काढलं की नाक मुरडायची. शनिवारी सकाळी शहरातल्या एका दुकानात बर्फातून सुरमई यायची. ती कधी पकडलेली असेल ते त्या समुद्रालाच माहीत. शालनचं त्यावर उत्तर तयार होतं. “जरा वय झालेल्या मासळीला धूर द्यायचा गो. मग तिका कोण वय विचारता?”

कृती म्हणाल तर अगदी सोपी. सुरमईच्या तुकड्यांना मीठ, मिरपूड, लिंबू लावून जरा वेळ ठेवायचे आणि झाकणाखाली वाफेवर जेमतेम शिजवायचे. मग पातेल्यात ते तुकडे कडेनं मांडून मधे एक वाटी, वाटीत रसरशीत निखारा, त्यावर दोन लवंगा आणि चमचाभर साजूक तूप. चर्र झालं की घट्ट झाकण. इथले लोक डाळीला आणि मटणाला असाच धूर देतात, हिनं तो माशाला दिला. निवल्यावर काटे काढून मासा हातानं कुस्करायचा, त्यात चक्का, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू, की झालं. हे सगळं जायचं नाक्यावरच्या हलवायाच्या खुसखुशीत मठरीवर, म्हणजे इकडच्या जाड खाऱ्या पुरीवर. त्या भल्या माणसाला आपल्या मठरीवर काय चढतं हे कळलं असतं तर त्यानं दुकान गंगाजलानं धुतलं असतं.

आणि वाइन. पहिल्या शनिवारी मी घोट घेतला तेव्हा माझं तोंड जे वाकडं झालं, त्यावरून तिला सगळं उमगलं. पुढच्या वेळी तिनं मुद्दाम दोन पेले ठेवले, एकात लाल, एकात पांढरी, आणि म्हणाली, “माशाचा घास खा आणि मग लाल पी.” प्यायले. लोखंडी विळा चाटल्यासारखं झालं. “आता पांढरी.” थंडगार, जराशी आंबट... आणि तोंडातला तो धूर कसा मऊ झाला! लिंबू पिळल्यावर डाळ जशी जागी होते तसा मासा जागा झाला. “धुराला आंबट लागतं,” शालन म्हणाली. “आणि ही तर तुझ्या माहेरची. लाजतेस काय?” बाटलीवर नाशिकचं नाव होतं. वडिलांच्या बागेतली द्राक्षं खोक्यांतून बाजारात गेली, मी लग्न होऊन परमुलखात आले, आणि साठीनंतर माझं माहेर मला जयपुरात बाटलीतून भेटलं. त्या दुपारी मी रडलेही थोडी. वाइनमुळे असेल.

आता निखाऱ्याची गोष्ट. गॅसवर कोळसा नीट पेटत नाही म्हणून शालन खाली कडुनिंबाजवळच्या प्रेसवाल्या भैयाकडून निखारे आणायची. लांब दांड्याचा लोखंडी झारा घेऊन जायची आणि त्याच्या इस्त्रीतले दोन निखारे मागायची. एका शनिवारी त्यानं विचारलं, “माताजी, हनुमानजी की धूनी?” इमारत सगळी शुद्ध शाकाहारी, घर भाड्याचं. शालन “हूँ” म्हणाली. झालं! तेव्हापासून भैया हात जोडून इस्त्री उघडायचा आणि त्यातले सर्वांत लाल निखारे निवडून द्यायचा. तुपाचा आणि लवंगेचा वास जिन्यात उतरला की भाभी पदर डोक्यावर घेऊन वरच्या दिशेनं नमस्कार करायच्या. आम्ही दोघी आत तोंडावर उशी दाबून हसायचो. शालनच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी. “मारुतीराया, हे तुझ्या नावावर खपतंय, सांभाळून घे रे,” असं म्हणून ती पहिला घास घ्यायची. जेवण झालं की मासळीची कातडी आणि काटे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पर्समध्ये. ते माझ्या गल्लीतल्या कचराकुंडीत टाकायचं काम माझं. रेल्वेवाल्याची बायको, पार्सल वेळेवर पोचवायची.

ती गेली त्या सकाळी मी आधी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधली बाटली त्याच पर्समध्ये घातली. कुणी बघायच्या आत. तिच्यासाठी एवढंच करण्यासारखं उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी इथल्या रीतीप्रमाणे बैठक झाली. खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. मुक्ता पोचली होती, डोळे सुजलेले. भाभी सगळ्यांना सांगत होत्या, “ऐसी भक्ति हमने नहीं देखी जी. हर शनिवार बालाजी को धूनी देती थीं. सीढ़ियाँ महक जाती थीं.” बालाजी म्हणजे इकडे मारुतीच. प्रेसवाला भैया कोपऱ्यात डोळे पुसत होता. आणि मला हसू यायला लागलं... असं पोटातून, आवरेना. मी सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी एक परकी बाई बसली होती. त्या क्षणी, खरं सांगते, शालन गेली हे मला मराठीत कळलं. मी पदर तोंडात कोंबला आणि ओक्साबोक्शी रडले. सगळ्यांना वाटलं, केवढं हे मैत्रिणीचं प्रेम.

माणसं पांगल्यावर मुक्ता माझ्याजवळ आली. “मावशी, आई तर कधी देवदेव करत नव्हती. मतलब... एवढी एकटी पडली होती का ती?” भोवती भाभी, त्यांच्या जावा, चहाचे कप. मी तिचा हात धरला, पण तिथं बोलता येईना. पुढे घर रिकामं करण्याची गडबड, मग तिचं विमान. जाताना म्हणाली, “आईवर काहीतरी लिहा ना, मराठीत. मी हळूहळू वाचीन.”

म्हणून हे लिहिलं. शालनच्या इमारतीत हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे तिची भक्ती सुरक्षित आहे. पण मुक्ता, तू वाच. अडलं तर पुन्हा वाच. तुझी आई शनिवारी देवासमोर एकटी बसून धूर करत नव्हती. ती मासा खात होती, वाइन पीत होती, तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगत होती आणि तिचे खांदे हसून हसून दुखत होते. ती एकटी नव्हती गं. एकटी आता मी आहे.

मागच्या शनिवारी भाजी घेऊन येत होते तर भैयानं हाक मारली. एका फुटक्या मातीच्या ताटलीत दोन निखारे काढून त्यानं माझ्यापुढे धरले. “माताजी की धूनी बंद नहीं होनी चाहिए, आंटीजी.” मी घेतले. घरी मासा नव्हता, कुणी येणार नव्हतं. तरी निखारे वाटीत ठेवले, लवंगा घातल्या, तूप सोडलं. घरभर धूर झाला. खुर्च्या दोन, बसणारी एक.

बाटली माझ्या फ्रीजमध्ये आडवी ठेवली आहे. शालन म्हणायची, एकटीसाठी उघडली तर ती दारू होते, दोघांत उघडली तर जेवण. तेव्हा मुक्ता, जमेल तेव्हा ये. मासा मी करीन, तिच्यासारखा होणार नाही. भैया निखारे देईल. फक्त शनिवारी ये गं... शनिवार फार मोठा असतो.