तेल प्यालेली बॅग

दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण अकोल्याहून राहायला आली. चहा होण्याआधीच तिने कॅरीबॅगमध्ये गुंडाळून आणलेली एक वस्तू माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली.

"ताई, हिले पाय बरं काय झालं."

राजापेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी चामड्याचं काम करते. पट्टे, बटवे, खांद्याला लावायच्या बॅगा, सगळं हाताने कापून हाताने शिवलेलं. लोक दुरुस्तीलाही काय काय आणतात, त्यामुळे मी सहज हात घातला आणि बोटं चिकट झाली. बाहेर निघाली ती एक काळपट, मऊ पडलेली बॅग. टेबलावर ठेवली तर धड उभीसुद्धा राहीना. रंगावरून मला ती ओळखता आली नाही. टाके पाहिले तेव्हा कळलं, हे माझेच आहेत.

ही बॅग मी तिच्यासाठीच बनवली होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर तिला इथल्या, अमरावतीच्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला घेतलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न अकोल्यात ठरलं. सासरचे म्हणाले, नोकरी सोडायचं काही कारण नाही, कितीतरी लोक अकोला-अमरावती अपडाऊन करतात. मग मी रोजच्या प्रवासाची म्हणून बॅग करायला घेतली. झाडाच्या सालीने कमावलेलं जाड कातडं, ताज्या गुळाच्या रंगाचं. डबा आडवा होऊ नये म्हणून त्याला वेगळा कप्पा. पास काढायला सगळी बॅग उपसावी लागू नये म्हणून बाहेरून एक खिसा. ती लग्नाच्या गडबडीतही येऊन पट्टा खांद्यावर घालून पाहायची आणि म्हणायची, "थोडा आखूड कर न वं, गर्दीत लोंबकळन."

कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं. सासरे आधीच वारले होते, आणि तिच्या नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान म्हणजे सकाळी शटर वर केलं की रात्रीच खाली. सासूबाई तोंड वाकडं झालेलं असतानाही म्हणत होत्या, "बाई ठेवा एखादी. पोरीले जाऊ द्या." बाई ठेवलीही. पण तिला उचलताना सांभाळता आलं नाही, सासूबाई पडल्या, आणि मग बहिणीनेच कॉलेजला कळवलं की पुढच्या सत्रापासून येते. पुढचं सत्र आलं तेव्हा तिने पुढच्या वर्षाचं सांगितलं. त्यानंतर कॉलेजने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

यात कुणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. म्हणूनच बहुतेक आमच्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी अकोल्याला जायची, सासूबाईंजवळ बसायची. त्या उजव्या हाताने माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "तुह्या बहिनीनं मले जगोलं." बहीण तेव्हा आत स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करत असायची. बॅगेचा विषय कधी निघाला नाही. मला वाटे, दिली असेल कुणाला.

अशीच काही वर्षं अंथरुणावर काढून सासूबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या.

"कोणतं तेल लावलं वं हिले?" मी विचारलं.

मी बॅग नाकाजवळ नेली. लसूण, ओवा, आणि खवट झालेलं तिळाचं तेल.

"मालिशचं," ती म्हणाली. सासूबाईंना ती आईच म्हणायची. "आईचं आंग रोज चोळून द्यायची ना मी. हात धुवाच्या आंदी उरलेलं तेल हिले पुसून टाकायची. कुठंतरी वाचलं होतं, वापरलं नाई तं चामडं वाळते, तडकते. म्हटलं, जाईन तवा चांगली राह्यली पायजे."

"रोज?"

"रोजच्या रोज नाई. पन... हो, रोजच."

चामड्याला तेल लागतं, पण चार-सहा महिन्यांतून कधी, तेही कापडाच्या टोकावर घेऊन. जास्त झालं की कातड्याचा ताणच जातो. पट्टा वीतभर लांबला होता. दुमडून चिकटवलेल्या कडा सुटल्या होत्या, कारण तेलाने आतला डिंक खाल्ला होता. टाक्यांची भोकं ओढून लांबट झाली होती. आणि एवढं सगळं होऊन आतला डब्याचा कप्पा कोरा होता. अस्तरावर एक डाग नव्हता.

मी तिला खरं ते सांगितलं. एकदा आत गेलेलं तेल पूर्ण निघत नाही, थोडंफार बाहेर ओढता येतं. रंग परत यायचा नाही.

"जेवढं निंगन तेवढं काढ," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी त्यावर बसलो. मी शिवण उसवून बॅगेचे तुकडे वेगळे केले. कॉर्नफ्लोअर आणि खडूची पूड एकत्र करून ती तुकड्यांवर जाड थापायची, वर जुन्या सुती साडीच्या घड्या, त्यावर पोळपाट आणि वजनं. पूड तेल पिऊन पिवळी पडली की झाडून टाकायची आणि पुन्हा कोरडी थापायची. उन्हात ठेवायचं नाही, नाहीतर कातडं कडक होऊन चिरतं. खडू कुटायचं काम तिने घेतलं. खलबत्त्यात कुटताना तिच्या पदरावर पांढरं उडायचं, आणि फळ्यावर लिहून आल्यासारखी ती ते हाताने झटकायची. मी तिकडे पाहणं टाळत होते.

तिसऱ्या-चौथ्या थापणीला पूड जवळजवळ पांढरीच राहिली. आता चामडं हाताला लागत होतं, तेल नाही. त्या दिवशी दुपारी ती एकदम म्हणाली, "ताई, कॉलेजात जाऊन पायतो का एकदा?"

"कावून वं?"

"इचारून पायतो. जागा गिगा असंन तं."

मी स्कूटी काढली. कॉलेजच्या आवारात तिने गाडीच्या आरशात पाहून केस नीट केले. ऑफिसात एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आधी आम्हाला कुणाच्या तरी ॲडमिशनसाठी आलेले पालक समजलं. बहिणीने फिजिक्सचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फिजिक्स नाही मॅडम इथं आता. पूर्ण सायन्सच बंद केलं. पोरं नावापुरते येत, दिवसभर क्लासमधी बसत. आता कॉमर्स आन आर्ट्स."

"लॅब?" बहिणीने विचारलं.

"तिथं परीक्षेचं सामान ठेवतो आमी."

ती हसली, थँक्यू म्हणाली, आणि आम्ही बाहेर आलो. गाडीपाशी मला तिला काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. मी म्हटलं, "पाय, म्हंजे तू लागली असती तरी ते नोकरी गेलीच असती."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"गेली असती ना," ती म्हणाली. "पन माही होऊन तं गेली असती."

ती मागे बसली आणि मी गाडी घराकडे वळवली. राजापेठेच्या चौकात क्लास सुटले होते, पाठीवर सॅक लावलेली पोरंपोरी गाड्या काढत होती, हॉर्न वाजत होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच की मी गप्प बसायला हवं होतं.

बॅग मी पुन्हा जोडली. भोकं लांबट झाली होती म्हणून कडेने नवी पट्टी घेऊन त्यातून शिवलं. पट्टा मात्र वाचला नाही, नवाच कापावा लागला. जुन्या काळपट अंगाला तो नवा गुळाचा रंग विजोड दिसत होता. मी म्हटलं, राहू दे, मी तुला सगळी नवीनच करून देते.

"नवीन कायले?" ती म्हणाली. "मी कुठं जाऊन राह्यली?"

तिने बॅग उचलून तोंडाजवळ नेली. वास अजून होता, आधीसारखा उग्र नाही, पण होता. मी सांगणार होते की हवेशीर जागी ठेवली तर तोही जाईल. तेवढ्यात तिचे डोळे भरून आले. "आईचा वास हाये ताई," ती म्हणाली. त्या म्हातारीसाठी ती माझ्यासमोर त्याआधी कधी रडली नव्हती. नोकरीसाठीही नाही. त्या दिवशी कशासाठी रडत होती ते मी विचारलं नाही. कदाचित तिलाही वेगवेगळं करून सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. कपड्यांची पिशवी वर टाकली आणि ही बॅग तिने मांडीवर घेतली. डब्याच्या कप्प्यात मी पोळीभाजी घालून दिली होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. पोचल्याचं सांगितलं, दुकान, स्वयंपाक, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "बसमधी बाजूले एक बाई होती. मास्तरीन असंन. बॅगीकडे पाहून इचारे, तुमी बी अपडाऊन करता का?"

"मंग?"

"मी हो म्हणून देलं." ती म्हणाली. "कोनतं कॉलेज इचारलं, तेही सांगतलं. काय शिकवता इचारलं, तं फिजिक्स म्हटलं. मग पोरं आजकाल कशे अभ्यास नाई करत, प्रॅक्टिकलले कशे येत नाई, हेच बोलत बसलो आमी दोघी. मूर्तिजापुरात ते उतरून गेली."

"खोटं बोलली ना मी?" तिने विचारलं.

"नाई वं," मी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ठेवतो," म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.