कोटिंगवाला पाहुणा

बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षी आमच्या गावात कोणाचाच कशावर भरवसा उरला नव्हता. बियाण्यावर नाही, फवारणीवर नाही, दुकानदारावर तर नाहीच. त्यात 'चोर बिटी' आलेली: विनापरवान्याचं बियाणं, साध्या पुडीत, बिलाशिवाय. अशा हंगामात माझ्या भाचीला स्थळ आलं. मुलगा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. बघायला आला तेव्हा काय काम, असं विचारलं की तो पोह्यांकडं बघायचा.

तेवढ्यात त्याला फोन आला. तो अंगणात गेला आणि मागोमाग हात धुवायच्या निमित्तानं मीही. मुलीच्या मामानं एवढं तरी करायलाच हवं.

"मागच्या खेपेला दोन पकडल्या गेले," तो हळू आवाजात सांगत होता. "कोटिंग नीट बसलं पाह्यजे. मंग नाही पकडल्या जात."

कापूसवाल्याला कोटिंग म्हटलं की सरकीला चोळलेलं रंगीत औषधच आठवतं. पाहुणे जाताच मी भाऊजींना सगळं ऐकवलं.

"चोर बिटीवालाच हाय हा!" भाऊजी उसळले. "पोरगी देऊन ठाण्यात चकरा मारू का?"

भाची कपबश्या उचलत होती. त्या अशा आदळल्या की मुलगा तिला आवडलाय हे माझ्यासारख्यालाही कळलं.

ताई मला म्हणाली, "तूच जाऊन पाहून ये. तुले लई समजते." टोमणा होता, तरी मी गेलो.

चौकीदारानं फाटकातून आत सोडलं नाही, त्यामुळं माझा संशय वाढला. मुलगा बाहेर आला तो कोपरापर्यंत काळे हात घेऊन. संशय आणखी वाढला. टपरीवर चहा सांगून मी थेट विचारलं, "बियाणं कोणतं हाय?"

"कायचं बियाणं, मामाजी?"

"ज्याले कोटिंग करता ते!"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, त्यांच्या शेडमध्ये फौजेच्या लहान ड्रोनवर लेप देतात. रडारच्या लहरी वस्तूवर आपटून परत आल्या की वस्तू सापडते. लेप त्यातल्या बऱ्याच लहरी पिऊन टाकतो. "दिसतच नाही असं नाही. पाखरू हाय का ड्रोन, एवढा घोळ झाला तरी बस. मागच्या चाचणीत दोन पकडल्या गेले. याच्याहून जास्त मले सांगता येत नाही."

घरी येऊन मी तेच सांगितलं, दोन्ही हातांनी रडार फिरवून दाखवत. भाऊजींनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे जे दिसत नाही ते हा बनवते. तू पाह्यलं?"

"नाही."

"पाह्यलं असतं तं दिसलं असतं?"

मी रडार फिरवणारे हात खाली घेतले.

दारात उभी असलेली भाची म्हणाली, "बाबा, खोटंच बोलाचं असतं तं किराणा दुकान हाय म्हटलं असतं त्यानं. असलं कायले कोणी रचून सांगन?"

भाऊजी सुपारी कातरत राहिले. आम्ही तिघंही अडकित्त्याकडं बघत होतो. शेवटी म्हणाले, "लाव फोन. पसंत हाय म्हण."

मी फोन काढला तर त्यांनी हात धरला. "आन् गावात कोणी पुसलं, जावई काय करते, तं रंगाच्या कारखान्यात हाय म्हणाचं."

"कोणता रंग?" ताईनं विचारलं.

"पांढरा," भाऊजी म्हणाले.