पोटातली नळी आणि सिस्टरचे फोन

मी तापट माणूस आहे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तीस वर्षं डाय, म्हणजे लोखंडी साचे बनवतोय, तिथे मशीनपेक्षा माझाच आवाज जास्त असतो, असं आमचे लोक म्हणतात. त्यामुळे हॉस्पिटलमधल्या त्या सिस्टरला मी फोनवर जे काही बोललो, ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

झालं असं, मे महिन्यात माझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि पोटात अशी कळ, की विचारू नका. अंधेरीच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत खडे अडकलेत, पण पोट फाडायची गरज नाही, तोंडातून दुर्बीण घालू. मी म्हटलं, "डॉक्टर, तोंडातून जाऊन पित्ताच्या नळीत शिरणार कसे?" त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं. जठर ओलांडून आतड्यात उतरायचं, तिथे भिंतीवर नळीचं एवढंसं तोंड असतं, त्यात बारीक तार सरकवायची, आणि मग त्या तारेवरून बाकीची हत्यारं. "ते तोंड गाठणं हेच खरं काम. कधी पाच मिनिटांत जमतं, कधी तासभर घाम निघतो," ते म्हणाले. माणूस आपल्यासारखाच कारागीर निघाला, म्हणून मला जरा धीर आला.

माझ्या वेळी त्यांचा घाम निघाला म्हणे, पण शिरले ते आत. आत पू झाला होता. म्हणून खडे तसेच ठेवले आणि पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकची एक छोटी नळी बसवली. "तीन महिन्यांत या, खडे आणि नळी दोन्ही काढू. ही नळी चोंदते, विसरू नका," असं त्यांनी दोनदा बजावलं.

आठ दिवसांत मी एकदम झकास. मासे सुरू, गाळा सुरू, आरडाओरडा सुरू. ऑगस्टमध्ये सिस्टरचा फोन आला, "काका, नळी काढायची वेळ झाली." मी म्हटलं, गणपती आलेत, गावी जायचंय, नंतर बघू. गणपती झाले, परत फोन. आता पितृपक्ष! पितृपक्षात कोणी असली कामं काढतं का? मग नवरात्र, मग दिवाळी. ती आपली दर सोमवारी न चुकता. एकदा मी भडकलोच, "अहो, तुम्हाला दुसरे पेशंट नाहीत का? बरा आहे मी! डोकं नका खाऊ!" ती शांतपणे म्हणाली, "बरं काका, पुढच्या सोमवारी करते." आणि केलाच! बायको म्हणायची, "अहो, ती तुमच्याच भल्याचं सांगते ना?" तिच्यावरही मी ओरडलो.

भाऊबीज झाली. पुढच्याच सोमवारी दुपारी भरल्या ताटावर मला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. मलेरिया असेल, तापाची गोळी दे, असं मी बायकोला सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला आणि घाबरून सगळं सांगून टाकलं. पलीकडून सिस्टर म्हणाली, "काकू, गोळ्या देत बसू नका. आत्ताच्या आत्ता रिक्षात घाला आणि आणा. मी डॉक्टरांना थांबवते."

तिने खरंच थांबवलं. तासाभरात मी पुन्हा टेबलावर होतो. नळी पार चोंदली होती. ती ओढल्याबरोबर मागे तुंबलेला पू बाहेर आला. नवी नळी घातली, आणि ताप उतरल्यावर चार-पाच दिवसांनी ती आणि खडे, सगळंच काढून मला मोकळं केलं. डॉक्टर म्हणाले, "विष रक्तात पसरायला लागलं होतं. उद्यावर टाकलं असतंत, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी पेढे घेऊन मी सिस्टरला शोधत गेलो. आजवर तिचा फक्त आवाज ऐकला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी डबा खात बसलेली, माझ्या मुलीच्या वयाची. मी हात जोडले. "सिस्टर, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. माफ करा मला. पण एवढं ऐकून घेऊनही तुम्ही फोन का करत राहिलात?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तुमच्याआधी एक काका होते. तेही असेच ओरडले होते," ती म्हणाली. "मला राग आला. मग मी परत फोन नाही केला."

त्यांचं पुढे काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पेढे तिच्या हातात दिले, खाली आलो, आणि रिक्षात बसल्यावर बायकोसमोर ढसाढसा रडलो.